लांडग्याच्या पोटातले बिऱ्हाडकरू

आमच्या बी. ए.च्या वर्गात माण तालुक्यातला एक मुलगा आहे. घर मेंढपाळाचे. पावसाळ्यात कॉलेज सुरू होऊन तीन आठवडे झाले तरी तो दिसेना, म्हणून चौकशी केली, तेव्हा वडिलांच्या पोटाचे ऑपरेशन झाल्याचे कळले. पुढे तो आला आणि तास संपल्यावर माझ्या टेबलाशी घुटमळत उभा राहिला.

"सर, आबांच्या काळजातनं नारळाएवढी पाण्याची गाठ काढली. डॉक्टर म्हणत्यात, जंताची हाय. वाड्यावरची म्हातारी माणसं म्हणत्यात, लांडग्याची बाधा. गेल्या साली लांडगा मेंढरांवर पडला, आबांनी काठीनं हुसकला, तवा त्याचं काहीतरी लागलं. आता पोरं लांडग्याच्या ढोलीत धूर करायला निघाल्यात. खरं काय वो?"

मी मराठीचा मास्तर. काळीज हा शब्द आम्हा लोकांना कवितेतला ठाऊक, आणि कवितेत काळीज म्हणजे हृदय. खाटकाच्या दुकानात मात्र काळीज म्हणजे यकृत. त्या मुलाचा अर्थ हा दुसरा होता आणि ऑपरेशनही यकृताचेच झाले होते. लांडगाही माझा तसाच, गोष्टीतला. धनगराच्या पोराने उगाच 'आला रे आला' म्हणून ओरडायचे आणि शेवटी खरोखरच यायचा तो. त्याच्या पोटात काय असते, याचा विचार गोष्टी सांगणाराने कधी केला नाही, मग ऐकणाराने कशाला करावा? "पाहून सांगतो," असे मी म्हणालो. विद्यार्थ्याला 'ठाऊक नाही' म्हणायची मला लाज वाटत नाही. पण 'पाहून सांगतो' म्हणायचे आणि पाहायचे नाही, याची वाटते. म्हणून पाहू लागलो, आणि पाहता पाहता माणदेशातून जो निघालो तो थेट उत्तर अमेरिकेतल्या एका गोठलेल्या सरोवरात जाऊन पोहोचलो.

या सरोवराचे नाव सुपीरियर. सरोवर म्हणायचे इतकेच, एरवी पलीकडचा काठ दिसत नाही असा तो गोड्या पाण्याचा समुद्रच आहे. त्यात आईल रॉयल नावाचे सुमारे ७२ किलोमीटर लांब आणि १४ किलोमीटर रुंद असे एक बेट आहे. वस्ती नाही, १९४० पासून ते अमेरिकेचे राष्ट्रीय उद्यान आहे आणि हिवाळ्यात तेही बंद असते. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे मूस आले. मूस म्हणजे हरणांच्या कुळातला सर्वांत थोर प्राणी. खांद्यापाशी घोड्याहून उंच, नाक लोंबते, आणि शिंगे सुपासारखी पसरट. ते पोहत आले की कोणी आणून सोडले, यावर अजून वाद आहे. लांडगे मात्र चालत आले. १९४८-४९ च्या सुमारास एका हिवाळ्यात सरोवर गोठले, तेव्हा बर्फावरून ते बेटावर उतरले आणि तेथेच राहिले. एक बेट, एक शिकारी, एक शिकार. चौथे कोणी नाही. निसर्गाने जणू प्रयोगासाठी चौकट आखून दिली.

१९५८ साली पर्ड्यू विद्यापीठातील ड्युरवर्ड ॲलन यांनी येथे अभ्यास सुरू केला, आणि तो आजतागायत चालू आहे. शिकारी आणि शिकार यांच्या नात्याचा इतका दीर्घ अभ्यास जगात दुसरा नाही. ॲलन यांचा पहिला विद्यार्थी डेव्हिड मेक. हा तरुण हिवाळ्यात बर्फावर उतरणाऱ्या एका चिमुकल्या विमानात बसून लांडग्यांच्या टोळीमागे तासन् तास घिरट्या घालीत असे. पंधरा-सोळा लांडग्यांची ती टोळी बर्फातून एकामागे एक चाललेली वरून दिसे. मूस दिसला की ती थबके, हुंगे, मग धावे. मेक यांनी मोजले: लांडग्यांनी ज्यांची अशी कसोटी पाहिली त्या ७७ मूसपैकी त्यांनी मारले फक्त ६.

बाकीच्या एकाहत्तरांचे काय? काही पळाले आणि निसटले. कित्येक तर पळालेच नाहीत. जागच्या जागी ठाण मांडून उभे राहिले, कान मागे टाकले, पुढचा खूर उगारला, आणि लांडगे थोडा वेळ भोवती घोटाळून निघून गेले. लांडग्याच्या क्रौर्याची जी चित्रे आपण लहानपणापासून पाहिली, त्यांत हा मुकाट्याने परत फिरणारा लांडगा कोठेच नव्हता.

जे सहा पडले ते का पडले, हा खरा प्रश्न. मेक आणि त्यांच्यामागून आलेल्या अभ्यासकांनी लांडग्यांनी खाऊन टाकलेल्या मूसची हाडे नि अवशेष गोळा केले. दातांवरून वय काढले. मारले गेलेले बहुतेक एकतर वर्षाच्या आतले वासरू, नाहीतर उतारवयाचा प्राणी. ऐन जवानीतले जवळजवळ नाहीतच. कोणाचा जबडा सडलेला, कोणाचे खुब्याचे सांधे झिजलेले. आणि फुप्फुसे शिल्लक सापडली तर त्यांत सुपारीएवढ्या, लिंबाएवढ्या, स्वच्छ पाण्याने भरलेल्या गाठी.

माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांच्या काळजात निघाली ती गाठ याच जातकुळीची. तिला डॉक्टर हायडॅटिड म्हणतात. मूळ ग्रीक शब्द पाण्याच्या थेंबाचा वाचक आहे. गाठ कापली तर पाणी आणि पाण्याच्या तळाशी बारीक वाळूसारखे काहीतरी. ही वाळू नव्हे. तिचा प्रत्येक कण म्हणजे एका पट्टकृमीचे, म्हणजे चपट्या जंताचे, तयार डोके असते. गाठीत ते वाट पाहात पडलेले असते. कोणाची? तर लांडग्याची.

या जंताचे शास्त्रीय नाव इकायनोकॉकस. नाव काटेरी आहे आणि अर्थही काटेरीच: साळूसारखे काटे असलेला दाणा. पट्टकृमी म्हटला की आपल्यापुढे हातभर, वावभर फीत येते; पण हा त्या कुळातला बुटका. पुरा वाढला तरी २ ते ७ मिलिमीटर, म्हणजे फार तर तांदळाच्या कणीएवढा किंवा तांदळाएवढा. डोक्याला चार चूषके आणि आकड्यांचे दुहेरी कडे, त्यामागे बहुधा तीनच पेरे. तोंड नाही, आतडे नाही. लांडग्याच्या आतड्यात चहूकडे तयार अन्न वाहते आहे, ते अंगाच्या कातडीतूनच शोषून घ्यायचे. आकडे अडकवून बसायचे आणि शेवटचे पेरे अंड्यांनी भरले की ते सोडून द्यायचे, एवढाच त्याचा संसार. एकेका लांडग्याच्या पोटात असे हजारो असतात आणि लांडग्याला त्याचा पत्ताही नसतो. तो धावतो, मारतो, पिल्ले वाढवतो. इतके निरुपद्रवी बिऱ्हाडकरू पुण्या-मुंबईच्या कोणत्याही घरमालकाला मिळाले नसतील.

हीच मंडळी दुसऱ्या घरी मात्र फार वेगळी वागतात. लांडग्याच्या विष्ठेतून अंडी गवतावर, शेवाळावर, पाणवठ्यावर पडतात. डोळ्यांना न दिसणारी ही अंडी थंडीवाऱ्यात महिनेच्या महिने तग धरतात. मूस ती चाऱ्याबरोबर गिळतो. त्याच्या आतड्यात अंड्यातून सूक्ष्म अळी निघते, आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, आणि यकृतात किंवा फुप्फुसात जाऊन थांबते. तेथे तिचा फुगा होतो आणि तो वर्षानुवर्षे हळूहळू वाढत राहतो. मेंढ्यांतल्या जंताला यकृत व फुप्फुस दोन्ही चालतात. उत्तरेकडच्या मूस-लांडग्यांतला जो प्रकार आहे, ज्याला आता इकायनोकॉकस कॅनाडेन्सिस असे वेगळे नाव मिळाले आहे, त्याची आवड मुख्यतः फुप्फुसाची.

आता ही आवड पाहा. मूसला लांडग्यापासून वाचायचे तर खोल बर्फातून पळता आले पाहिजे, नाहीतर दमदारपणे उभे राहता आले पाहिजे. दोन्हींना लागतो दम, आणि जंत जाऊन बसला आहे तो दमाच्याच जागी. ज्याचे फुप्फुस गाठींनी भरले तो दहा पावलांवर धापा टाकणार. लांडगे त्याला गाठणार; पोट फाडून आतले काळीज-फुप्फुस आधी खाणार, कारण त्यांची खाण्याची रीतच ती आहे. आणि पाण्याच्या तळाशी थांबलेले ते हजारो कण एका घासात मुक्कामी पोहोचणार. मग दीडदोन महिन्यांत त्यांची पुन्हा अंडी.

म्हणजे लांडग्यासाठी मूस कोण अडवून धरतो? जंत! हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. पण लगेच माझ्यातल्या परीक्षकाने हटकले. गोष्ट फार सुबक आहे, आणि फार सुबक गोष्टीवर एकदम विश्वास ठेवू नये. म्हाताऱ्या मूसमध्ये गाठी जास्त असणारच, कारण त्याने जन्मभर गवत खाल्ले आहे. तो गाठींमुळे मेला की म्हातारपणामुळे? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. २००४ साली डॅमियन जोली आणि फ्रान्स्वा मेसिए या कॅनडातील दोघा अभ्यासकांनी निराळ्या वाटेने त्याला हात घातला. जंतांचा एक नियम असा की ते सर्वांत सारखे वाटले जात नाहीत. बहुतेक प्राण्यांत थोडे आणि मोजक्या काहींत अतोनात. मग हे अतोनातवाले मूस कळपात अपेक्षेपेक्षा कमी सापडले, तर त्यांना कोणीतरी आधीच उचलले असले पाहिजे. हिशोब त्या दिशेने जातो असे त्यांना दिसले. तरी आपल्या निबंधाच्या मथळ्याच्या शेवटी त्यांनी प्रश्नचिन्ह ठेवले. हे प्रश्नचिन्ह मला फार आवडले. आमच्याकडच्या प्रबंधांत ते क्वचित आढळते.

लांडग्याच्या पोटात हा एकटाच नाही, हेही सांगायला हवे. लांबलचक पट्टकृमी असतात, आपल्या ओळखीचे गोल जंत असतात. पिल्लांना काही जंत तर आईच्या पोटातच मिळतात. अलास्कात लांडग्यांमागे हिंडलेले ॲडॉल्फ मूरी यांनी १९४४ च्या आपल्या ग्रंथात एक मौजेची नोंद केली आहे. लांडग्यांच्या विष्ठेत त्यांना गवताची पाती सापडली आणि त्या पात्यांत गुरफटलेले गोल जंत. तेव्हा मांसाहारी लांडगा अधूनमधून गवत खातो ते पोट झाडून काढण्यासाठी की काय, असे त्यांना वाटले. आमच्या आजीचे दर अमावास्येचे एरंडेल मला आठवले.

या गाठी माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहेत. प्राचीन ग्रीक वैद्यांनीही पाण्याने भरलेल्या यकृताचा उल्लेख केला आहे. पण गाठीचा नि जंताचा संबंध जुळायला अठरावे शतक उजाडले. १७८२ साली गोट्झे या जर्मन पाद्र्याने गाठीतली 'वाळू' भिंगाखाली पाहिली आणि ही तर जंतांची डोकी आहेत असे ओळखले. पुढे १८५० नंतरच्या दोनचार वर्षांत सीबोल्ड यांनी जनावरांतल्या गाठी कुत्र्यांना खाऊ घातल्या आणि कुत्र्यांच्या आतड्यांत कणीएवढे जंत वाढलेले दाखवले. १८६३ मध्ये नाउनिन यांनी बर्लिनमध्ये माणसाच्या शरीरातली गाठ घेऊन तेच सिद्ध केले.

नेमक्या त्याच वर्षी हाराल्ड क्राब्बे नावाचा डॅनिश पशुवैद्य आइसलंडला गेला. आइसलंडात लांडगे कधीच नव्हते. मेंढ्या होत्या, कुत्री होती आणि लोकांच्या पोटांत गाठी होत्या. क्राब्बे यांनी तेथली कुत्री चिरून तपासली. चौथ्या हिश्शाहून अधिक कुत्र्यांत हा जंत निघाला. मग त्यांनी एक छोटी पुस्तिका लिहिली. १८६४ मध्ये ती आइसलंडी भाषेत छापून घरोघर फुकट वाटली गेली. तिचा आशय दोन ओळींचा: मेंढी कापल्यावर गाठी असलेले अवयव कुत्र्याला घालू नका, आणि कुत्र्याला हात लावल्यावर हात धुवा. त्या देशात लांब हिवाळी रात्री घरातल्या एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी लोकर विंचरीत ऐकायचे, अशी जुनी चाल होती. पुस्तिका वाचली गेली. १८९० मध्ये कुत्र्यांना जंताचे औषध देण्याचा कायदा झाला, आणि १९२४ मध्ये तर राजधानीच्या शहरात कुत्री पाळण्यावरच बंदी आली. विसाव्या शतकात हा रोग आइसलंडातून नाहीसा झाला. भाषा शिकवणाराला असे पुस्तक क्वचितच भेटते की ज्याच्या वाचकांची संख्या न मोजता रोग्यांची मोजावी आणि ती उतरत जावी. लांडग्यांतल्या एका पट्टकृमीला पुढे क्राब्बे यांचेच नाव मिळाले, टीनिया क्राब्बेई. शास्त्रज्ञांची सन्मान करण्याची तऱ्हाही निराळीच!

जेथे लांडगा आहे तेथे मात्र पुस्तिकेने भागत नाही. तेथे भांडण होते. १९९५ आणि १९९६ या दोन वर्षांत अमेरिकेने कॅनडातून ६६ लांडगे आणून यलोस्टोन उद्यानात नि आयडाहो राज्यात सोडले. सोडण्यापूर्वी त्यांना जंताचे औषध दिले होते. पुढे २००६ ते २००८ या काळात आयडाहो नि माँटाना राज्यांतील १२३ मृत लांडग्यांची आतडी तपासली गेली, तेव्हा १०० तल्या बासष्ट-त्रेसष्टांत हा कणीएवढा जंत सापडला, आणि तोही हजारोंनी. झाले! लांडगे नको असलेल्यांना कोलीतच मिळाले. लांडग्यांनी रोग आणला, आता हरणे, मेंढरे, माणसे कोणी वाचणार नाही, अशी ओरड झाली. वास्तविक त्या मुलखात कोल्ह्यांच्या जातीचे कोयोटे होते, कुत्री होती. शेजारच्या युटा राज्यातल्या मेंढपाळांमध्ये मेंढी-कुत्रा-माणूस या फेऱ्यातला रोग विसाव्या शतकाच्या मध्यापासून ठाऊक होता. शिवाय मूस-लांडग्यांतला उत्तरी प्रकार माणसाला सहसा सौम्य जातो. शिकाऱ्यांना एवढेच सांगितले जाते की लांडग्याचे कातडे सोलताना हातमोजे घाला आणि फुप्फुसे कुत्र्यांपुढे टाकू नका.

आईल रॉयलच्या लांडग्यांचे पुढे काय झाले? १९८० साली ते ५० होते आणि १९८२ साली १४ उरले. ही किमया जंताची नव्हती. कोणा हौशी प्रवाशाने नियम मोडून कुत्रा आणला असावा. त्याच्याबरोबर कुत्र्यांचा पार्व्हो नावाचा विषाणू बेटावर उतरला. त्यानंतर बर्फाचे पूल विरळ झाले, आपसातल्या संबंधांनी रक्त क्षीण झाले, आणि २०१८ मध्ये उरले दोनच. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी मिळून बाहेरून १९ लांडगे आणून सोडले, तेव्हा २०२४ पर्यंत संख्या पुन्हा तिसाच्या आसपास गेली. हजारो जंतांना पोटात सांभाळून जे पिढ्यान् पिढ्या धावले, ते माणसाच्या एका लाडक्या कुत्र्याने आडवे केले, असे दिसते.

असो. उत्तर हाती आले होते. मी त्या मुलाला बोलावले आणि मला कळले ते त्याच्याच भाषेत सांगण्याचा प्रयत्न केला. लाळेने हा रोग होत नाही. हुसकल्याने तर नाहीच. लांडग्याच्या पोटात हा जंत राहू शकतो आणि त्याच्या विष्ठेतून अंडी रानात पडू शकतात, हे खोटे नाही. लांडगा अगदी धुतल्या तांदळासारखा, असे मी म्हणणार नाही. पण लांडगा माळावर, मैलभर दूर. तुमच्या वाड्यावर रात्री मेंढरांत कोण निजते? पोरांचे हात कोण चाटते? भाकरीच्या टोपल्याशेजारी कोण वेटोळे करून बसते?

"कुत्री," तो म्हणाला. मग थोडा थांबून, "पर सर, कुत्र्याच्या पोटात कुठनं येतंय?"

मी त्याला उलट विचारले, "मेंढरू कापल्यावर फोफसाचं काय करता?"

फोफसे म्हणजे फुप्फुस. तो काही बोलला नाही. फोफशात पाण्याचे फोड निघाले तर ते कोणी खात नाही, ते कुत्र्यांकडे भिरकावतात, हे त्याने मला नंतर सांगितले. त्याच्या आबांनी ते जन्मभर केले होते, त्यांच्या वडिलांनीही केले होते. आयुष्यभर राखणीला ठेवलेल्या जनावराला चार तुकडे टाकावेत, यात कोणाला वावगे दिसावे?

दवाखान्यात ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी गाठीभोवती तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेली फडकी लावली होती, असे त्याने ऐकले होते. ते कशासाठी, हेही त्याला आता उमगले. गाठ फुटून आतले पाणी पोटात सांडले तर माणूस तिथल्या तिथे दगावू शकतो, आणि वाचला तरी प्रत्येक कणातून नवी गाठ उठू शकते. आबांना त्यानंतर काही महिने गोळ्या चालू होत्या. वाड्यावरच्या चारही कुत्र्यांना पशुवैद्याकडून प्राझिक्वांटेलच्या गोळ्या आणून द्या, आणि औषधानंतर दोन दिवस त्यांना बांधून त्यांची घाण पुरून टाका, कारण गोळी जंत मारते, अंडी मारीत नाही, एवढे मी त्याला कागदावर लिहून दिले. अक्षर मुद्दाम मोठे काढले. क्राब्बे यांच्या पुस्तिकेपुढे माझा कागद म्हणजे चिटोरेच.

दसऱ्यानंतर तो पुन्हा भेटला. लांडग्याच्या ढोलीत धूर केला का, असे मी भीत भीत विचारले. नाही, म्हणाला, पोरे गेली होती, पण ढोल रिकामी निघाली, लांडगे आधीच दुसरीकडे गेले होते. कागदाचे काय झाले? आबांनी तो वाचून घेतला आणि दोन कुत्र्यांना गोळ्या दिल्या. उरलेली दोन चुलत्याची, आणि चुलता म्हणतो, कुत्र्याला कुठं औषध असतंय का!

"आणि फोफसं?"

"पुरतोय, सर. पर कुत्री उकरून काढत्यात. आता आबांनी कमरंएवढा खड्डा घेतलाय, अन् वर धोंडं टाकायला मलाच सांगत्यात."